नक्षी सांगणारा

केरमानच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
मी तपासणीचा कागद उलटा केला
आणि पेन्सिलीनं एक पोट काढलं, एक डोकं.
"हे इथं नाही," म्हणाले, "आणि हेही."

चौदाशे ग्रॅमची मुलगी. काचेच्या पेटीत.
कातडी अंगावर, जसा थोरल्या बहिणीचा झगा.
रक्तात साखर इतकी, की यंत्रानं आकडा न देता
नुसतं 'जास्त' लिहिलं.
जठरामागं स्वादुपिंड शोधलं,
तिथं आतड्याचीच एक वळी निघाली.
आणि मानेच्या वर, मागच्या अंगाला,
जिथं लहान मेंदू असतो,
तिथं पाणी. स्वच्छ, काळं पाणी.

"पोट कुठं, डोकं कुठं," गुलअंदाम म्हणाली.
"एकच चूक दोन्हीकडं कशी पोचली?"

दहाव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे, पीटीएफ-वन-ए.
त्यापासून एक प्रथिन बनतं, ते स्वतः काही बांधत नाही,
फक्त दुसऱ्या जनुकांपाशी जाऊन त्यांना
म्हणजे असं समजा
वर्गात मी किल्ली म्हणते, बटण म्हणते.
त्या खोलीत दोन्ही शब्द तोंडातच राहिले.

यदुल्ला तोवर गप्प होता. टोपी गुडघ्यावर.
मग म्हणाला, "नक्शेखान."

रावरला, मामाच्या कारखान्यात,
दोन माग, आणि मधे नक्शेखान.
तो लोकरीला हात लावत नाही, गाठ मारत नाही,
कागद बघतो आणि सुरात सांगतो:
दोन डाळिंबी, एक काळा,
तीन सोड, निळा घे, निळा घे.
दोन्हीकडच्या बायका ऐकतात,
एका गळ्यावर दोन गालिचे वर चढतात.

हो, म्हणाले मी. हो, तसंच.
"पण आमचे गालिचे सारखे निघायचे," तो अडला.
"तुमचं एकीकडं स्वादुपिंड, एकीकडं मेंदू."
ऐकणारे वेगळे, मी म्हटलं.
ज्यानं आधी जे ऐकलंय, त्यावर त्याचा अर्थ.
त्याला ते पटलं नसावं.

"आणि सांगणारा मधेच थांबला तर?" मी विचारलं.
"बायका हात बांधून बसतात?"
"छे. हात कुठं स्वस्थ बसतात.
शेजारच्या मागावर जे चाललंय तेच विणत सुटतात."

मी पेन्सिल खाली ठेवली.
स्वादुपिंड व्हायच्या पेशी हाक न आल्यानं
शेजारचं आतडं होत गेल्या.
उंदरांत एवढं दिसायला
प्रयोगशाळांची कितीतरी वर्षं गेली होती.

उरलेलं सांगणं भाग होतं.
प्रत्येकाजवळ असे दोन आवाज असतात.
तुम्हा दोघांचाही एकेक अर्ध्या ओळीत थांबतो,
दुसरा सांगत राहतो, म्हणून तुम्ही सरळ चालता,
चहात साखर घालता, कधी कळत नाही.
हिच्या वाट्याला दोन्ही थांबलेलेच आले.
तुमचं नातं काय?
"मामाची मुलगी," यदुल्ला म्हणाला.
"तो नक्शेखान माझा बाप," गुलअंदाम म्हणाली,
माझ्याकडं न बघता. "गावात त्याच्यासारखा आवाज नव्हता."

परीवश रोज इन्सुलीन दहापट पातळ करायची,
आणि त्याचाही थेंब मोजताना श्वास रोखायची.
मुलगी मधेच श्वास घ्यायची विसरायची.
तळपायावर टिचकी मारली की आठवायचं.

सव्विसाव्या रात्री
पेटीच्या गोल भोकाशी तोंड नेऊन
गुलअंदाम हळू सांगत होती:
दोन डाळिंबी, एक काळा,
तीन सोड, निळा घे, निळा घे.
मी अडवलं नाही.
त्या हाकेची वेळ गर्भातच, पहिल्या काही आठवड्यांत
येऊन गेली होती, हे मी तिला आधीच सांगितलं होतं.
तिनं ते नीट ऐकलंही होतं.

मग ती थांबली.
"पुढची ओळ मला येत नाही," म्हणाली,
"कागद बाबांकडं असायचा."

यदुल्लाला येत होती.
त्यानं टोपी गुडघ्यावरून उचलली,
परत गुडघ्यावर ठेवली.